बुऱ्हाणपूरला नेलेली रिकामी बॅग

बुऱ्हाणपूरला निघाले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. एक माझी, साड्या, गोळ्या आणि मेथीच्या लाडवांनी फुगलेली. दुसरी सुहासने, म्हणजे माझ्या मुलाने, माळ्यावरून काढून दिलेली. चाकांची, भली मोठी आणि पूर्ण रिकामी.

"मुक्ताचं सामान आणायला लागेल," तो म्हणाला. "जमत नसेल तिला, तर उगाच ताणू नकोस, आई. सरळ घेऊन ये."

मुक्ता माझी नात, सुहासची मुलगी. बुऱ्हाणपूरजवळ बहादरपुरात टिश्यू कल्चरची एक लहानशी लॅब आहे, तिथे केळीची रोपं तयार होतात. मुक्ता तिथे कामाला लागली, सिंधीपुऱ्यात खोली घेऊन एकटी राहू लागली, आणि नाशकात आमच्या घरी काळजीचा कारखाना सुरू झाला. कारण मुक्ता ऑटिस्टिक आहे. काम ती चोख करते. पण चार माणसं एकदम बोलायला लागली की तिच्या डोक्यात सगळ्या आवाजांची खिचडी होते. आता तिची उमेदवारी संपत आली होती. लॅबच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं की येत्या गुरुवारी शेतकरी रोपं बघायला येणार आहेत, त्यांना मुक्ताने फिरवून दाखवायचं. जमलं तर नोकरी कायम. नाहीतर एवढ्याशा लॅबला नुसतं आत बसून काम करणारं माणूस परवडत नाही.

म्हणून मी निघाले. कारण ऑटिस्टिक मीही आहे.

हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. मुक्ता कॉलेजात असताना डॉक्टरांनी तिच्या लहानपणाबद्दल विचारायला घरचं माणूस बोलावलं. गेले मी. ते विचारत होते, हिला कपड्याच्या आत शिवलेली चिठ्ठी टोचायची का, भाजी-आमटी एकमेकांत मिसळली की जेवण टाकायची का, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं टाळायची का. मी म्हटलं, "अहो, यात विशेष काय? सगळेच तसं करतात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं. मी अर्थातच खिडकीकडे बघत होते. पुढे माझीही रीतसर तपासणी झाली.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला काही तो शब्द पटत नाही. मी स्वतःत कुठे मग्न असते? मी पंख्याच्या आवाजात मग्न असते.

तर हे सगळं माहीत नसताना मी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ट्रंक कॉलचा जमाना. कानाला हेडफोन, समोर तारांचा बोर्ड आणि बोलायची वाक्यं ठरलेली. "नंबर सांगा." "लाइन बिझी आहे." "बोला, जोडून दिलंय." माझ्यासारखीला स्वर्गच. पंचाईत व्हायची ती जेवणाच्या सुट्टीत. तेव्हाच्या त्या इंदूला, म्हणजे मला, कुठे हसायचं ते कळत नसे. शेजारच्या टेबलावर एक जाडसर बाई बसत, त्यांचे खांदे हलले की इंदू हसायची. एकदा त्या बाईंना उचकी लागली आणि इंदू डबा संपेपर्यंत हसत होती. कोणी "या एकदा घरी" म्हटलं तर ही बावळट त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन दारात. पण तिने ठरलेल्या वाक्यांवर संसार केला, नोकरी केली, निवृत्तीचा नारळही घेतला. तीच विद्या नातीला द्यायची, असा माझा बेत होता.

स्टेशन

मुक्ताचा निरोप होता, "जिथे उतरशील तिथून हलू नकोस." बुऱ्हाणपूरला मी उतरले आणि हलले नाही. डोक्यावर छप्पर नव्हतं, उन्हाळा लागायच्या तोंडावरचं ऊन होतं, दोन्ही बाजूंना दोन बॅगा. गाडी गेली. गर्दी गेली. मी उभी.

इकडे मुक्ता पाटीवर माझ्या डब्याचा क्रमांक जिथे लागला होता तिथे उभी. त्या दिवशी गाडीचे डबे उलट्या क्रमाने लागले होते. म्हणजे प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ती. दोघींचे फोन नेहमीप्रमाणे मुके. आणि दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की जरा चालून बघावं. ठरलं म्हणजे ठरलं.

शेवटी चहावाला दोन फेऱ्या मारून माझ्यासमोर थांबला. "माताजी, उधर एक मॅडम खडी है, बिलकुल आपके जैसी. आपस में कुछ रिश्ता है क्या?"

त्याने निरोप पोचवला. मुक्ता आली. मिठी वगैरे आमच्यात नसते. तिने रिकामी बॅग उचलून बघितली, तिच्या हलकेपणावरून सगळं ओळखलं, आणि म्हणाली, "तू बरोबर जागी होतीस. मीही बरोबर जागी होते."

"हो," मी म्हटलं. "चूक रेल्वेची."

सिंधीपुरा

मुक्ताची खोली एका कापडव्यापाऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली मालकीण सरलाकाकू. गोऱ्या, ठेंगण्या, आणि नाशिकच्या शेजाऱ्यांसारखं फोन करून येणं वगैरे त्यांना माहीत नाही. जिन्यावरूनच बोलत वर येतात. निम्मं बोलणं पायरीवर होतं आणि उरलेलं निम्मं आपल्या पलंगावर बसून.

"आल्या का आजी? बसा, बसा. मी भरीत करून राहिले. पोरगी तर काही खात नाही, नुसती दही-भाकरी, दही-भाकरी. मी म्हटलं, बाई, गाय आहे का तू?"

मुक्ता रोज रात्री ज्वारीची भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाते. तीन पदार्थ, तीन वेगळ्या वाट्यांत. "दिवसभर सगळं नवीन असतं, आजी," ती म्हणाली. "रात्रीचं जेवण तरी ओळखीचं हवं." मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी माझी वाटी काढली.

पण सरलाकाकूंच्या घरी काही केलं की वाटी वर येतेच. आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही ही रीत बुऱ्हाणपुरातही आहे, नाशकातही आहे. फरक एवढाच की आमच्याकडे अशी वाटी दिवाळी-संक्रांतीला फिरते, इथे एक दिवसाआड. मुक्ता पहिल्या महिन्यात वाटीच्या धास्तीने आजारी पडायची बाकी होती. आत काय घालायचं? त्यांना काय आवडतं? कालच्यापेक्षा कमी दिसलं तर? मग तिने एकदाच काय तो निर्णय घेतला. खडीसाखर. कधीही, कशाच्याही बदल्यात, वाटीभर खडीसाखर.

"आमच्या घरात आता खडीसाखरेचं दुकान निघंल," सरलाकाकू भरताची वाटी ठेवत म्हणाल्या. "पण एक सांगते आजी, बाकीचे लोक विसरतात. ही पोरगी आजवर एकदा नाही विसरली."

भरीत मात्र असं होतं की त्याच्यापुढे आमच्या नाशिकच्या वांग्यांनी मान खाली घालावी. हिरव्या मिरचीचं, तिखटजाळ. मी दोन वेळा डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. खटाक-खट, खटाक-खट, दिवसरात्र. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे विचारतो, इथे झोप कशी लागते. मुक्ताने खोलीच त्या आवाजासाठी घेतली होती. "कुकरची शिट्टी कधी होईल सांगता येत नाही," ती म्हणाली, "हा आवाज सांगता येतो." त्या तालावर मी अशी झोपले की सकाळी लाइट गेली आणि माग थांबले, तेव्हा दोघी एकदम दचकून उठलो.

बहादरपूर

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर रिक्षाने लॅबवर गेले. दोन्हीकडे केळीच्या बागा, घडांना घातलेल्या पिशव्या, मधून कापसाची मोकळी झालेली रानं. लॅबमध्ये शिरतानाच चपला बाहेर, बांगड्या बाहेर, पावडर-अत्तर बंद. काचेपलीकडून मी मुक्ताला बघितलं. टोपी, मास्क, पांढरा कोट. समोर स्वच्छ हवा सोडणारी पेटी, तिचा एकसुरी घूंऽऽ आवाज. बाटलीतून रोपांचा हिरवा पुंजका काढायचा, सुरीने त्याचे भाग करायचे, नव्या बाटलीत, खिरीसारख्या थिजलेल्या खाद्यात बसवायचे. बोलायला बंदी, कारण श्वासातल्या जंतूंनी बाटल्या नासतात.

मी तिथेच काचेला नाक लावून उभी राहिले. बोलायचं नाही, अत्तर नाही, आणि मास्कमुळे हसायचंही नाही. अशी नोकरी आमच्या काळात निघाली असती तर इंदूने लग्नसुद्धा केलं नसतं.

मुक्ताच्या शेजारच्या पेटीवर वर्षा नावाची मुलगी बसते. गोड पोर, पण तिला गप्प बसणं जमत नाही. मी काचेआड उभी असताना तिला दोनदा खूण करून दटावलं गेलं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली ती आजन्म कारावासातून सुटल्यासारखी.

मालकीणबाई म्हणजे संगीताताई. बहादरपूरच्याच शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या, पदर खोचून चालणाऱ्या. त्यांनी मला शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, खुर्ची दिली. तिथे बाटलीतून बाहेर आलेली रोपं काळ्या पिशव्यांमध्ये मांडलेली होती. हळूहळू हवेची, उन्हाची सवय व्हायला.

"आजी, खोटं नाही बोलत. तुमच्या नातीचा हात सोन्याचा आहे. तिच्या बाटल्या नासत नाहीत. पण शेतकऱ्याला बोलणारं माणूस पायजे ना. आमचे जुने काका गेले काम सोडून. तिला रोपाबद्दल सगळं माहीत, पण कोणी आलं की ही आत पळते. मी किती दिवस सांभाळू?"

त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणूनच मला भीती वाटली. वाईट माणसाशी भांडता येतं.

त्या संध्याकाळी मी शिकवणी सुरू केली. ठरलेली वाक्यं. नमस्कार. या. बसा. प्रवास कसा झाला? चहा घेणार का? शेतकऱ्याच्या भूमिकेत सरलाकाकू. त्यांनी नवऱ्याचा पंचा डोक्याला गुंडाळला आणि जिन्यावरून खाकरत आल्या.

"रामराम."

"नमस्कार. या. बसा. प्रवास कसा झाला?" मुक्ता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली.

"अवं पोरी, मी बाजूच्या गावचा माणूस. फटफटीवर आलो. प्रवास कसला?"

मुक्ता थांबली. माझ्याकडे वळली. "आजी, याचं उत्तर तू शिकवलं नाहीस."

"पुढचं वाक्य घे."

"चहा घेणार का?"

"चहा सोड. तुझं लगन झालं का?" सरलाकाकू आता भूमिकेत फार रंगल्या होत्या. "आमचा पुतण्या आहे, ट्रॅक्टर आहे त्याच्याकडे."

मुक्ता उठली आणि गच्चीवर निघून गेली. काकूंनी पंचा काढून हातात घेतला. "जास्त झालं का, आजी?"

"नाही," मी म्हटलं. "खरा शेतकरी याहून कमी बोलणार नाही." आणि मनात सुहासची बॅग उघडून बसली.

कुंडी भंडारा

बुधवारी मुक्ताची सुट्टी. सकाळी पोहे आणि मावा जिलेबी खाल्ली. ही जिलेबी काळसर, जाडजूड, खव्याची. आपल्या पिवळ्या, कुरकुरीत जिलेबीची ही थोरली, गंभीर बहीण. पोह्यांबरोबर जिलेबी खायची इथली पद्धत मला आधी अधर्म वाटली. मी दोन ताटल्या मागितल्या, पोहे एकीत, जिलेबी दुसरीत. हॉटेलवाल्याने मुक्ताकडे बघून विचारलं, "या पण तुमच्यासारख्याच का?" मुक्ता म्हणाली, "हो. आजी आहे." आणि त्याने लगेच दुसरी ताटली आणली. परक्या गावात हिने केवढं कमावलं होतं, ते मला त्या ताटलीत दिसलं.

मग ती मला कुंडी भंडाऱ्याला घेऊन गेली. माळावर ओळीने विहिरींची तोंडं, म्हणजे कुंड्या, आहेत आणि जमिनीखाली सगळ्या एका बोगद्याने जोडलेल्या. डोंगरातलं पाणी त्या अंधारातून आपापलं वाहत शहराकडे येतं, मोगलांच्या काळापासून. खाली उतरायची लिफ्ट बंद होती. मी मनात म्हटलं, बरं झालं. मुक्ता एका कुंडीच्या कठड्याला टेकून बसली. वारा होता, माणूस नव्हतं.

"आजी, तू एक्स्चेंजमधून घरी आल्यावर काय करायचीस?"

"झोपायचे. डोक्यावरून चादर घेऊन."

"रोज?"

"रोज. तुझा बाबा लहान होता. तो चादरीचं टोक उचलून बघायचा, आई आहे का आत."

मुक्ताने थोडा विचार केला. "म्हणजे जमत नव्हतं तुला."

"जमत होतं की. उत्तम जमत होतं. कोणाला कळलंसुद्धा नाही."

"जमत होतं तर चादर कशाला?"

मी आयुष्यभर हजरजबाबी म्हणून ख्याती मिळवलेली बाई. हजरजबाब म्हणजे आधी पाठ केलेला जबाब, हे गुपित फक्त मला माहीत. त्या कुंडीपाशी माझ्याकडे पाठ केलेलं काही नव्हतं. मी पिशवीतून मेथीचा लाडू काढला आणि तिला दिला. तिने तो खाल्ला नाही, कारण ती मेथीचे लाडू खात नाही. हे तिने मला लहानपणापासून सांगितलेलं आहे.

गुरुवार

शेतकरी दोन गाड्या भरून आले. पांढऱ्या टोप्या, गॉगल, दोन तरुण पोरं, एक म्हातारे आबा काठी टेकत. मी शेडनेटखाली माझ्या खुर्चीत. मुक्ता दारात उभी.

"नमस्कार. या. बसा."

कोणी बसलं नाही. शेतकरी रोपं बघायला आला की बसत नसतो, हे मला कळायला हवं होतं. सगळे थेट पिशव्यांमध्ये शिरले. आणि मग सुरू झालं. ही जात कोणती, पान पिवळं का, पाणी किती, माल केव्हा मिळंल, मागच्या वेळेस पाहिलं ते हेच का. कोणाच्या खिशात भजन वाजायला लागलं. लाइट गेली आणि मागे जनरेटर धडधडला. मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी पुढचं वाक्य सांगितलं, 'प्रवास कसा झाला.' तिने ते म्हटलंही. कोणीच ऐकलं नाही. मग तिने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि लॅबच्या आत निघून गेली.

संगीताताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मलाही कळला, म्हणजे तो किती उघड असेल बघा.

"पोरगी कुठं गेली?" आबांनी विचारलं.

"येते हो आबा, चहा घ्या ना," वर्षा म्हणाली आणि कप फिरवायला लागली.

इंदू असती तर गेली नसती. ती तिथेच उभी राहून खांदे बघून हसत राहिली असती, सगळ्यांना हो-हो म्हणाली असती, आणि घरी जाऊन चादरीत शिरली असती. मी त्या इंदूवर फार खूश होते इतकी वर्षं. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या तिचा मला कंटाळा आला.

मुक्ता परत आली. कारखान्यात लावतात तसले मोठे ईअरमफ डोक्यावर, एक कान झाकलेला, एक उघडा. ती रोपांच्या ओळीपाशी उभी राहिली आणि पिशव्यांकडे बघत बोलली. मोठ्याने नाही, पण स्पष्ट.

"मला दहा जणांचं बोलणं एकदम ऐकू येत नाही. सगळं मिसळतं. मी ऑटिस्टिक आहे, माझा मेंदू तसा चालतो. एकेकाने विचारा. मोबाइल बंद ठेवा. मी उत्तर देताना तुमच्याकडे बघणार नाही, रोपाकडे बघेन. उत्तर बरोबर येईल."

संगीताताईंचा कप हवेत.

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "बराबर आहे," ते म्हणाले. "आपण रोपं पाह्याला आलो. पोरीचं तोंड नाही."

कोणीतरी हसलं. खिशातलं भजन बंद झालं. पण शेतकरी तो शेतकरी. दोन प्रश्न नीट रांगेत आले आणि तिसऱ्याला चौघं एकदम. तेव्हा काय झालं मला माहीत नाही, माझा हात आपोआप कानाशी गेला, जिथे हेडफोन असायचा.

"एक मिनिट," मी उभी राहून म्हणाले. "गॉगलवाले भाऊ, लाइन बिझी आहे. थांबा. टोपीवाले काका, तुमचा नंबर. बोला, जोडून दिलंय."

काका चपापले आणि बोलले. मुक्ताने उत्तर दिलं. "झालं बोलून? ठेवा. आता भाऊ, तुमची लाइन." आवाज तोच निघाला, एक्स्चेंजमधला, नाकातला, कोणाच्या बापाला न भिणारा. तरुण पोरांना तर इतकी मजा वाटली की ती हात वर करून "आजी, माझा कॉल लावा" म्हणायला लागली. मी त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवलं. अधिकार मिळाला की तो थोडा तरी वापरावा.

मग गॉगलवाल्याने विचारलं, "ताई, सगळी रोपं जगतील ना? ग्यारंटी?"

"नाही," मुक्ता म्हणाली.

संगीताताईंनी डोळे मिटले.

"इथून नेलीत आणि त्याच दिवशी उन्हात लावलीत तर बरीच मरतील. आधी शेताच्या कडेला सावलीत ठेवा. थोडं थोडं ऊन दाखवा. तुमच्याकडे पाणी रोज असतं का?"

"एप्रिलमध्ये कुठून असणार?"

"मग एप्रिलमध्ये नेऊ नका. पाऊस लागल्यावर या."

"विकायचं नाही तर बोलावलं कशाला?" गॉगलवाला म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. तो शेवटपर्यंत उतरला नाही. सगळ्यांना सगळं पटतं असं काही नसतं.

पण आबा पिशव्यांच्या ओळीपाशी उकिडवे बसले. "मागच्या साली मी असंच नेलं आणि लावलं उन्हात. कोणी सांगितलं नाही. सांग पोरी, सावलीत किती दिवस? आणि पाणी वरून की बुडाशी?" मुक्ता त्यांच्याशेजारी बसली. दोघंही एकाच रोपाकडे बघत बोलत राहिली. कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

गाड्या गेल्यावर संगीताताई माझ्याकडे आल्या. "आजी, तुम्ही इथंच राहा ना. दर वेळेस लाइन जोडायला."

मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात मुक्ताच म्हणाली, "आजी नको. वर्षा. तिला बोलायला आवडतं आणि ती पेटीवर बोलून बाटल्या नासवते. लोक आले की ती त्यांना बसवेल, एकेकाला पाठवेल. मी उत्तरं देईन. कोणी येणार असेल तर मला आदल्या दिवशी सांगा. आणि नंतर मला एक तास बाटल्यांच्या खोलीत बसू द्या, दार लावून. मग मी हे काम करू शकते. याच्याशिवाय नाही करू शकत."

वर्षाने चहाचा ट्रे छातीशी धरला होता. तिचा चेहरा तर लग्न ठरल्यासारखा झाला.

संगीताताईंनी पदर सोडला आणि परत खोचला. "हौ," त्या म्हणाल्या. "करू असंच. आबांनी रोपं सांगून ठेवली पावसासाठी, आणि म्हणाले, त्याच पोरीच्या हातची पायजेत. कायम समज तू."

"कधीपासून?"

"आजपासूनच समज की."

"आज अर्धा दिवस गेला," मुक्ता म्हणाली. "उद्यापासून करा."

मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर तासभर बसून रोपं बघितली. चादरीऐवजी असं दारही लावून घेता येतं, आणि ते मागायचं असतं, हे इंदूला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्या शहाणीने ऐकलं नसतं म्हणा.

परत

निघायच्या दिवशी सरलाकाकूंनी दराबा दिला. रवा, तूप, साखर इतकी फेटलेली की जिभेवर ठेवली की नाहीशी. स्टेशनवर मुक्ताने मला डब्याच्या जागी उभं केलं, दोन्ही बॅगा शेजारी लावल्या, आणि घड्याळ बघितलं.

"गाडी यायला वेळ आहे. तू जाणारच आहेस. मी थांबून काय करू? माझ्या बाटल्या आहेत."

"जा," मी म्हटलं.

ती गेली. मागे वळून हात हलवला नाही. आपल्यालाही तो हलवायचा नाही याचा मला इतका आनंद झाला की चहावाल्याकडून मी दोन चहा घेतले. तोच होता. "मॅडम चली गयी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काम पे गयी."

नाशिकरोडला सुहास घ्यायला आला होता. त्याने आधी मोठी बॅग उचलली, आणि त्याचा चेहरा गोंधळला, कारण ती हलकीच होती, पण आत काहीतरी खुळखुळत होतं. त्याने तिथेच, प्लॅटफॉर्मवर, चेन उघडली. एवढ्या मोठ्या बॅगेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक स्टीलची वाटी होती. निघायच्या सकाळी मुक्ताने ती माझ्या हातात दिली होती, झाकण लावून, वर रबर चढवून. बॅग रिकामी आली होती, आणि रिकामं काही परत पाठवायचं नसतं, असा तिचा हिशेब. आत काय होतं ते सांगायला नकोच.

सुहासने खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकला. चादरीचं टोक उचलून बघायचा तेव्हा जसा दिसायचा, तसाच दिसत होता.

"म्हणजे ती नाही येत," तो म्हणाला.

"नाही. आणि ही वाटी तिची आहे," मी म्हटलं. "रिकामी परत द्यायची नसते. तेव्हा त्यात काय घालायचं ते तू ठरव, आणि ही बॅग माळ्यावर टाक."

अजून त्याचं ठरलेलं नाही. वाटी ओट्यावर आहे आणि तो येता-जाता तिच्याकडे बघतो. मुक्ताचा काल निरोप आला. 'कायम झाल्याचं पत्र मिळालं. वाटी कधी आणताय?'